पैलू पाडल्यावर तो तोच हिरा राहतो का?

रानजाई:
एक बाळबोध शंका आहे, हसू नका. कोहिनूरबद्दल वाचत होते. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कातल्या प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून तो पाहिला आणि 'एवढाच?' म्हणत नाकं मुरडली. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले आणि आजच्या मापाने १९१ कॅरेटचा दगड १०५.६ वर आला. जवळजवळ निम्मा गेला की! मग रणजितसिंहांच्या दंडावर होता तो 'हाच', असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि होप हिरा म्हणजेच फ्रान्सच्या राजाचा चोरीला गेलेला निळा हिरा, हे तरी कशावरून ठरवलं? जाणकारांनी सांगावं. शापाच्या कथा नकोत, पोटभर वाचून झाल्यात.

अर्धाकप:
शाप नको म्हणालात ते बरं केलंत. १९११ साली पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्याने होप हिरा वॉशिंग्टनच्या मॅक्लीनबाईंना विकला, तेव्हा या कथा रंगवून सांगितल्या होत्या. गिऱ्हाइकाची नस ओळखून! १९५८ मध्ये तोच हिरा हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला चक्क रजिस्टर्ड टपालाने पाठवला. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र मला येत नाही. पास.

घासूनपुसून:
२६ वर्षं पैलू पाडून पोट भरलंय, तेव्हा थोडं लिहितो.

ताई, हिरा सगळ्या दिशांनी सारखा टणक नसतो. फिरत्या लोखंडी चाकावर हिऱ्याचीच पूड तेलात कालवून लावतात आणि दगड त्यावर टेकवतात. दिशा बरोबर असेल तर कापतो. चुकली तर चाक किंचाळत राहतं, दगड तापतो आणि तासाभराने भिंगातून पाहावं तर पैलू होता तिथेच. मी नवशिका असताना अशाच एका हट्टी कोपऱ्यामागे लागून चांगला दगड गरजेपेक्षा लहान केला होता. गेलेलं वजन परत येत नाही. त्यामुळे जुन्या हिऱ्याची गोष्ट कोणी सांगायला लागलं की मी आधी विचारतो, तेव्हा वजन किती होतं आणि आकार कसा होता?

कोहिनूरच्या बाबतीत अडचण नाही. १८४९ च्या लाहोर तहानंतरचा त्याचा प्रवास कागदोपत्री आहे आणि कापण्याआधी त्याचा प्लास्टरचा साचाही घेतलेला होता. मुघलांकडे वजनाला मान, म्हणून दगड मोठा ठेवून वरवर पैलू दिलेले. लंडनकरांना हवी होती चमक. अ‍ॅमस्टरडॅमहून कारागीर आणले, वाफेच्या इंजिनावर चाक फिरवलं, ३८ दिवस काम चाललं. पहिला पैलू मानाने ८३ वर्षांच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने लावला. होय, तोच आपल्या असईच्या लढाईतला वेलस्ली! म्हणजे आजचा कोहिनूर त्या दगडाच्या पोटातला आहे. हरवला तो त्याचा घाट. नादिरशहाच्याही आधीच्या काळात जाऊन मात्र 'हाच तो बाबराचा हिरा' असं कोणी छातीठोक म्हणालं, तर मी मान हलवत नाही.

निळ्याची गंमत जास्त आहे. तावेर्निए या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याने भारतातून नेलेला दगड चौदाव्या लुईने घेतला, १६७३ मध्ये कापून घेतला, तो साधारण ६९ कॅरेटचा झाला. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या राजखजिन्यातून चोरीला गेला. बरोबर वीस वर्षांनी, १८१२ च्या सप्टेंबरात, लंडनच्या एका जवाहिऱ्याच्या टिपणात ४५ कॅरेटच्या निळ्या हिऱ्याचं चित्र येतं. चोराने ओळख पुसायला कापला, हे उघड आहे. पण पुरावा? २००७ मध्ये पॅरिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जुन्या हिऱ्याची शिशाची प्रतिकृती सापडली. संगणकावर होपचा आकार तिच्यात बसवून पाहिला, तर तो आत चपखल बसला. मला तर एवढं पटलं.

(अवांतर: तावेर्निए लिहितो की 'ग्रेट मुघल' हिरा बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने घासून घासून इतका छोटा केला की बादशहाने मजुरी दिली नाहीच, वर दहा हजार रुपये दंड केला. त्याच्या जागी आपण असतो तर, हा विचार करून अजून पोटात गोळा येतो.)

रानजाई:
वा, मस्त! मग ज्याला कोणी कापलंच नाही आणि ज्याचा पुरावा त्याच्या अंगावरच आहे, असा एखादा हिरा आहे का?

घासूनपुसून:
आहे की. क्रेमलिनमधला 'शाह' हिरा, ८८.७ कॅरेट. जगप्रसिद्ध हिऱ्यांत माझा सगळ्यात आवडता. लांबट, पिवळसर दगड, त्याचे नैसर्गिक पृष्ठभाग फक्त घासून गुळगुळीत केलेले. त्यावर तीन नावं कोरली आहेत: पहिलं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं, हिजरी १०००, मग शहाजहानचं, हिजरी १०५१, मग इराणच्या फतह अली शाहचं, हिजरी १२४२. १८२९ मध्ये तेहरानमध्ये रशियाचा राजदूत ग्रिबोयेदोव जमावाच्या हातून मारला गेला, तेव्हा झारचा राग शमवायला इराणने जे दिलं त्यात हा हिरा होता.

त्या काळी हिऱ्यावर अक्षर कोरायचं म्हणजे हिऱ्याचंच टोक किंवा पूड लागायची आणि काम फार चिकाटीचं असायचं. आणि एक बारकावा: एका टोकाजवळ चहूबाजूंनी बारीक खाच आहे, दोरा बांधून टांगता यावा म्हणून.