मदत हवी आहे : शॉवर मध्येच गार, मध्येच चटका

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं एकमजली घर आहे. गच्चीवर हजार लिटरची टाकी, शेजारी २०० लिटरचा सोलर. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, मधले दिवस बोअरचं जड पाणी वापरतो.

शॉवरला पाणी आधी बरोबर कोमट लागतं. दोन मिनिटांत गारठतं, गरमची चावी वाढवली की एकदम चटका बसतो. परवा सासूबाईंचा खांदा लाल झाला. त्या सत्तरीच्या आहेत, म्हणून जीव घाबरतो.

काल एक करून पाहिलं. टाकीखालचा गार पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि बेसिनचा गार नळ उघडला. धार थांबायला हवी होती, पण कोमट पाणी येतच राहिलं! म्हणजे कुठल्यातरी मिक्सरमधून (गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळातून) गरम पाणी गारच्या लाइनीत घुसतंय, बरोबर ना? गरम पाण्याने बादली भरायला चार मिनिटं लागतात, गारने दीडच. शॉवरची जाळी उघडली तर पांढऱ्या क्षाराचे खडे निघाले.

प्लंबर म्हणतात, अख्खा मिक्सर बदला. मला वाटतं, आधी आतले स्पिंडल (चावीसोबत फिरून पाणी चालू-बंद करणारे भाग) बदलून दोन्ही लाइनींना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारे) बसवावेत. पण आमच्याकडे पंप नाही, टाकीचाच दाब. स्प्रिंगच्या व्हॉल्व्हने तो आणखी कमी होईल का? झडपेचा चालेल का? आणि गरमच्या पाइपातला क्षार कसा काढलात? ज्यांनी हे घरी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.