शब्दचर्चा : ‘एक्लेक्टिक’ संगीतकार, त्याचा अल्बम आणि ‘संमिश्र’ प्रतिसाद

प्रश्न

पाश्चात्त्य संगीतावरच्या एका लेखासाठी मला काही शब्दांबाबत जाणकारांचे मत हवे आहे. अमेरिकन संगीतकार बेक याच्या ‘हायपरस्पेस’ या २०१९ च्या अल्बमची तेव्हा समीक्षकांनी कशी दखल घेतली, हा लेखाचा विषय आहे. पहिल्या खर्ड्यात मी असे वाक्य लिहिले : ‘संमिश्र शैलीच्या या पर्यायी रॉक संगीतकाराच्या नव्या अल्बमचे समीक्षकांकडून संमिश्र स्वागत झाले.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही चूक नसावी, तरीही ते समाधानकारक वाटत नाही. ‘संमिश्र’ हे विशेषण त्यात दोनदा आले आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. ‘स्वागत’ म्हटले की ते आनंदानेच केलेले असते, मग ते संमिश्र कसे असेल? ‘पर्यायी’ म्हणजे नेमके कशाला पर्यायी, हेही वाचकाला त्यातून उमगत नाही. बेकविषयीच्या इंग्रजी लेखनात ‘एक्लेक्टिक’ हे विशेषण इतक्या वेळा येते की ते टाळून चालणार नाही; खर्ड्यातला पहिला ‘संमिश्र’ त्याच्याचसाठी होता. त्यासाठी मराठीत कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर

आपली शंका रास्त आहे. ‘संमिश्र’ या शब्दातून घटक एकमेकांत मिसळल्याचे तेवढे कळते; ते कोणी मिसळले, कशासाठी मिसळले आणि मिसळताना काय वगळले, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. ‘एक्लेक्टिक’चे मूळ मात्र निवडणे, वेचून घेणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात आहे. प्राचीन काळचे जे तत्त्वज्ञ कोणत्याही एका संप्रदायाला बांधून न घेता निरनिराळ्या संप्रदायांतून आपल्याला पटतील तीच मते स्वीकारत, त्यांना हे विशेषण लावले गेले. त्या संदर्भात ‘सारग्राही’ हा शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. संगीताविषयी लिहिताना मात्र ‘सारग्राही’ जड वाटतो, शिवाय त्यात सार तेवढे घेऊन बाकीचे टाकल्याची छटा आहे. बेकसारखा कलावंत अनेकदा इतरांनी टाकाऊ मानलेला आवाजही जाणीवपूर्वक उचलतो, त्यामुळे ती छटा त्याच्या बाबतीत उलटीच पडते.

१९९६ चा ‘ओडेले’ हा अल्बम याचे उत्तम उदाहरण आहे. डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांच्या साथीने केलेल्या या अल्बममध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांचे असंख्य तुकडे वापरले आहेत. त्यातल्या एका गाण्यात हिपहॉपचा ठेका जोरात चालू असताना मध्येच पाश्चात्त्य अभिजात संगीतातील रचनाकार शुबर्ट याच्या ‘अपूर्ण सिंफनी’ या वाद्यवृंदरचनेचा एक तुकडा अवतरतो, क्षणभर वाजतो आणि पुन्हा ठेका सुरू होतो. तो तुकडा ठेक्यात विरघळत नाही. तो परका आहे हे श्रोत्याला लख्ख कळावे, अशाच रीतीने तो बसवलेला आहे. याला ‘संमिश्र’ म्हणणे म्हणजे त्यातली मुख्य गोष्टच हुकणे होय, कारण इथे मिश्रणापेक्षा निवड आणि मांडणी यांना महत्त्व आहे. त्या वर्षीच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या वार्षिक मतचाचणीत हा अल्बम पहिला आला, तोही या मांडणीच्या बळावर, असे माझे मत आहे.

आता पर्यायांकडे वळू. ‘सर्वसंग्राहक’मध्ये दिसेल ते गोळा करण्याचा भाव आहे, म्हणजे विवेकाचा अभाव सुचतो. ‘चोखंदळ’मध्ये उलट नाकारण्यावर भर आहे, चोखंदळ माणूस बरेच काही बाजूला सारतो. ‘अष्टपैलू’ हा शब्द कौशल्याविषयी बोलतो, अभिरुचीविषयी नाही. ‘बहुढंगी’ वाचताना ढंगाकडे, म्हणजे बाह्य आविर्भावाकडे लक्ष जाते. ‘बहुश्रुत’ हा शब्द मला फार मोहवतो, कारण ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो बहुश्रुत, आणि या प्रकारच्या संगीतकाराचे खरे वैशिष्ट्य त्याच्या कानातच असते. परंतु रूढ मराठीत या शब्दाला विद्वत्तेचा अर्थ इतका घट्ट चिकटला आहे की वाचकाची दिशाभूल होईल.

म्हणून मी ‘बहुपेडी’ हा शब्द सुचवतो. मराठी समीक्षेत ‘बहुपेडी व्यक्तिमत्त्व’, ‘बहुपेडी कथानक’ असे प्रयोग चांगले रुळलेले आहेत. वेणीतले पेड एकत्र गुंफलेले असतात, पण प्रत्येक पेड डोळ्यांना वेगळा दिसतो आणि तो गुंफणारा हातही गृहीत असतो. फोक, ब्लूज, हिपहॉप, फंक, सायकेडेलिक रॉक हे प्रकार बेकच्या संगीतात याच रीतीने नांदतात.

याच ठिकाणी एक सावधगिरीही सुचवावीशी वाटते. मिश्रणासाठीचे आपले बरेचसे शब्द वर्णन करता करता निकालही देऊन टाकतात. ‘मिलाफ’ म्हटले की लेखकाला ते आवडले, ‘भेसळ’ म्हटले की आवडले नाही, आणि ‘सरमिसळ’ म्हटले की त्याला त्यात शिस्त दिसली नाही. १९९९ च्या ‘मिडनाइट व्हल्चर्स’बाबत फंक आणि सोल संगीतावरचे हे मनापासूनचे प्रेम आहे की विडंबन, असा प्रश्न उभा राहिला होता. समीक्षकांचे असे मतभेद नोंदवायचे असतील तर आपल्या वाक्यातले विशेषण आधीच एका बाजूला झुकलेले असू नये. मत समीक्षकाच्या तोंडी द्यावे आणि वर्णनाचा शब्द तटस्थ ठेवावा. ‘बहुपेडी’ ही अट पुरेशी पाळतो.

आणखी एक मत

‘बहुपेडी’ हा शब्द मलाही पटतो, पण तो कशाला लावायचा याविषयी थोडे काटेकोर व्हायला हवे. वरच्या उत्तरात ‘ओडेले’चे उदाहरण घेतल्यामुळे प्रश्न सोपा झाला आहे. बेकचा २००२ चा ‘सी चेंज’ घेतला तर चित्र पालटते. नायजेल गॉडरिच यांच्या निर्मितीतला तो अल्बम संथ, उदास आणि जवळजवळ एकरंगी आहे : गिटार, खालच्या पट्टीतला आवाज आणि मागे तंतुवाद्यांचा मेळ, ज्याची संयोजने बेकचे वडील डेव्हिड कॅम्पबेल यांनी केली होती. ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाने त्याला पाचपैकी पाच तारे दिले. बारा वर्षांनी आलेला ‘मॉर्निंग फेज’ त्याच जातकुळीचा आहे, वादकांमध्येही बरेच जण तेच आहेत, आणि अमेरिकेतील ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या २०१५ च्या समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान त्यालाच मिळाला. म्हणजे ज्याला सगळे ‘एक्लेक्टिक’ म्हणतात, त्याच्या सर्वाधिक गौरवलेल्या अल्बमांपैकी दोन तरी स्वतंत्रपणे ऐकले तर मुळीच बहुपेडी नाहीत.

त्यामुळे विशेषण कारकिर्दीला लावले आहे की अल्बमला, हे वाक्यातून स्पष्ट झाले पाहिजे. ‘बहुपेडी अल्बम’ आणि ‘बहुपेडी कारकीर्द असलेल्या संगीतकाराचा एकसुरी नसलेला, पण एकरंगी अल्बम’ यांत फरक आहे. ‘एकसुरी’ हा कंटाळ्याचा शब्द आहे, ‘एकरंगी’ तसा नाही, हेही जाता जाता नोंदवतो. ‘हायपरस्पेस’च्या बाबतीत हा भेद विशेष उपयोगी पडेल. बेकने गायक-निर्माता फॅरेल विल्यम्सच्या साथीने त्यातली बहुतांश गाणी केली आणि सिंथेसायझरचा मोकळा, तरंगता नाद अल्बमभर पसरलेला आहे. आधीच्या अल्बमांशी तुलना केली तर ते वळण ठरते. पण त्या अल्बमच्या आत फारशी वळणे नाहीत.

दुसरा मुद्दा ‘संमिश्र प्रतिसाद’ या रूढ प्रयोगाचा आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. या दोन शब्दांत दोन अगदी वेगळ्या परिस्थिती दडलेल्या असतात. एका परिस्थितीत काही समीक्षकांना अल्बम अतिशय आवडतो आणि काहींना मुळीच आवडत नाही. दुसऱ्या परिस्थितीत जवळजवळ प्रत्येकालाच तो थोडा आवडतो आणि थोडा खटकतो. परीक्षणांतील गुणांची भारित सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर संगीतासाठी ४० ते ६० या टप्प्याला ‘संमिश्र किंवा मध्यम’ अशा अर्थाची एकच पाटी आहे. ६१ ते ८० म्हणजे साधारणपणे अनुकूल आणि ८१ पासून पुढे सार्वत्रिक प्रशंसा. समजा, दहा परीक्षणांपैकी पाचांनी ९० आणि पाचांनी ३० गुण दिले, तर साधी सरासरी ६० येते, आणि दहाही जणांनी ६० दिले तरी ती ६० च येते. पहिल्या अल्बमवर वाद पेटलेला असतो, दुसऱ्यावर कोणी वाद घालण्याइतके अस्वस्थही झालेले नसते. आकड्याला हा फरक दिसत नाही. निदान आपल्या वाक्याला तरी तो दिसावा.

मराठीत त्यासाठी नवे शब्द घडवण्याची गरजच नाही. पहिल्या परिस्थितीसाठी ‘समीक्षकांत तट पडले’ किंवा ‘मते विभागली गेली’ असे म्हणता येते, आणि दुसरीसाठी ‘समीक्षकांनी हातचे राखून कौतुक केले’ असे. ‘हायपरस्पेस’वरची बहुतेक परीक्षणे अनुकूल होती, त्यामुळे त्याला ‘संमिश्र’ म्हणणे तसेही चुकीचेच ठरेल.

प्रश्नकर्त्याची पुढील शंका

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. ‘संमिश्र’ हा शब्द मी दोन्ही ठिकाणांहून काढतो. ‘स्वागत’, ‘पर्यायी’ आणि ‘संगीतकार’ यांचे काय करावे? एका इंग्रजी परीक्षणाचा सारांश देताना मी ‘या अल्बमने बेकला पुन्हा सूर गवसला’ असे लिहिले होते, तेही तपासावे ही विनंती.

उत्तर

‘स्वागत’ फक्त अनुकूल प्रतिसादासाठी ठेवावे. तटस्थपणे सांगायचे असेल तर ‘समीक्षकांनी घेतलेली दखल’ किंवा नुसते ‘समीक्षकांचा प्रतिसाद’ पुरेसे आहे. ‘टीका’ हा शब्द मात्र टाळावा. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली, असे म्हणताना आपल्याला भाष्य अभिप्रेत असते, परंतु ‘समीक्षकांनी अल्बमवर टीका केली’ या वाक्यातून आजच्या वाचकाला दोषदिग्दर्शनच समजते. एकेका नियतकालिकातील लेखाला ‘परीक्षण’ म्हणावे आणि एकूण विचाराला ‘समीक्षा’. ‘रसग्रहण’ हे आस्वादाच्या बाजूने केलेले लेखन असल्याने तारे आणि गुण देणाऱ्या मजकुराला ते नाव शोभत नाही.

‘पर्यायी रॉक’बाबत माझे मत ठाम आहे : ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ असेच लिहावे. मराठीत ‘पर्यायी’ म्हटले की मूळ गोष्ट उपलब्ध नसताना वापरायची दुसरी गोष्ट डोळ्यांसमोर येते. पर्यायी मार्ग, पर्यायी व्यवस्था. या संगीताचा दावा तसा नव्हता. मोठ्या कंपन्यांच्या लोकप्रिय रॉकच्या चौकटीबाहेर, छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या आणि महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रांच्या आधाराने १९८० च्या दशकात ते वाढले. अर्थाने ‘समांतर’ हे विशेषण याच्या अधिक जवळचे आहे, कारण समांतर चित्रपट म्हणताना आपण नेमके असेच नाते सांगत असतो. परंतु ग्रॅमी पुरस्कारांत १९९१ पासून या संगीताचा स्वतंत्र विभाग आहे आणि बेकलाही त्यात पुरस्कार मिळाले आहेत. एवढ्या प्रतिष्ठित झालेल्या प्रकाराला आज ‘समांतर’ म्हणणेही वस्तुस्थितीला धरून होणार नाही. नाव म्हणून रूढ झालेला शब्द नाव म्हणूनच राहू द्यावा आणि लेखात एकदा त्याचा उगम सांगावा.

‘संगीतकार’ ठेवायला हरकत नाही. चित्रपटसंगीतामुळे आपल्याकडे हा शब्द चाली देणाऱ्यापुरता आकुंचन पावला आहे, हे खरे. पण बेक स्वतः गाणी लिहितो, चाली बांधतो, गातो आणि अनेक वाद्ये वाजवतो, त्यामुळे त्याला तो शब्द तोकडा पडला तरी खोटा पडत नाही. २०१२ मध्ये त्याने ‘साँग रीडर’ नावाने वीस गाणी ध्वनिमुद्रित न करता केवळ छापील स्वरलिपीच्या रूपात प्रसिद्ध केली होती. ती वाचकांनी स्वतः वाजवावीत, अशी त्यामागची कल्पना होती. त्या उपक्रमाचा उल्लेख लेखात आला तर ‘संगीतकार’ या शब्दाविषयीची शंका आपोआप फिटेल.

‘सूर गवसला’ हा प्रयोग मात्र बदलावा. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर फलंदाजाला सूर गवसतो, कारण तिथे सूर हे रूपक आहे. गायकाच्या बाबतीत तेच लिहिले की शब्दशः अर्थ वर येतो आणि आधीच्या अल्बमात तो बेसूर गात होता, असे वाचकाला वाटू शकते. शिवाय ‘पुन्हा’ या शब्दात एक पूर्वग्रह आहे. ‘कलर्स’ हा २०१७ चा अल्बम कमअस्सल होता, हे त्यात न सांगता गृहीत धरले जाते. निर्माता ग्रेग कर्स्टिनच्या साथीने केलेल्या त्या झळझळीत पॉप अल्बमला २०१९ मध्ये ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट ऑल्टरनेटिव्ह अल्बमचा पुरस्कार मिळालेला आहे. तेव्हा परीक्षणकर्त्याचे ते मत असेल तर त्याच्या नावावर द्यावे आणि शब्द असे वापरावेत : ‘या परीक्षणकर्त्याच्या मते बेक इथे आपल्या बळाच्या जागी परतला आहे.’

आपले मूळ वाक्य मी असे लिहीन : ‘बहुपेडी कारकिर्दीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या ऑल्टरनेटिव्ह रॉक संगीतकाराच्या नव्या अल्बमची समीक्षकांनी अनुकूल दखल घेतली, मात्र अनेकांनी हातचे राखूनच कौतुक केले.’ यातला ‘अनेकांनी’ हा शब्द आपण वाचलेल्या परीक्षणांशी ताडून पाहावा. तिथे ‘काहींनी’ योग्य ठरत असेल तर तोच ठेवावा.