सिगारेट सुटते तेव्हा डोसही बघा

दारूचं व्यसन आणि मानसिक आजार दोन्ही असले की 'आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू' असा सल्ला देतात, तो मला अर्धाच पटतो. निव्वळ दारूमुळे आलेली उदासी बऱ्याचदा दारू बंद झाल्यावर दोन-चार आठवड्यांत ओसरते, तिथे थोडं थांबणं ठीक. पण स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा मानसिक आजार आधीपासूनच असेल तर कसलं थांबता? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू-ड्रग्जशी जोडलेले मानसिक विकारही मानसिक आजाराच्याच व्याख्येत घेतलेत. व्यसनाची एक आणि मानसिक आजाराची एक अशा दोन खिडक्या आपणच केल्यात.

बिडी-सिगारेटचा मुद्दा मात्र यात कुणीच काढत नाही. धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जास्त काम करतं आणि क्लोझापीन, ओलान्झापीन ही स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. धूम्रपान थांबलं की तोच डोस रक्तात चढतो. माझा आतेभाऊ क्लोझापीनवर आहे. व्यसनमुक्ती केंद्रात दारूबरोबर सिगारेटही एकदम बंद झाली आणि आठवडाभरात उशी लाळेने भिजायला लागली, घास हातात धरून डुलक्या. केंद्रातले म्हणाले, विड्रॉवल आहे, म्हणजे व्यसन तुटल्यावरचा त्रास, होतं असं. आत्या फाइल घेऊन त्याच्या नेहमीच्या सायकिअ‍ॅट्रिस्टकडे गेली, तर त्यांचा पहिलाच प्रश्न: सिगारेट कधी सोडली? डोस उतरवल्यावर गडी माणसात आला. हे धुराने होतं, निकोटीनने नाही. म्हणजे गुटखा-तंबाखू सोडताना ही भानगड नाही. बाहेर येऊन पुन्हा ओढायला लागला तर उलटं, औषध कमी पडतं. गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका, पण भरती करताना आणि डिस्चार्जच्या वेळी दोन्हीकडच्या डॉक्टरांना हे सांगाच.