पळायला लागले आणि तिसऱ्या आठवड्यातच नडगी धरली

नवी_पळणारी:
वय ४१, बसून काम, आजवर बस पकडायला सोडून कधी पळाले नव्हते. काउच टू ५के चा (कधीच न पळणाऱ्याला हळूहळू ५ किमी पळायला शिकवणारा) ९ आठवड्यांचा प्लॅन घेतला, आठवड्यात ३ दिवस. पहिल्या आठवड्यात १ मिनिट पळा दीड मिनिट चाला असं २० मिनिटं होतं, ते इतकं छान जमलं की दुसरा आठवडा गाळून थेट तिसरा घेतला आणि मधल्या रेस्टच्या दिवशी पण पळाले. आता नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय, जिना उतरताना जास्तच. दम पुरतोय पण पाय ऐकत नाहीत. बंद करू का? आता कुठे गोडी लागली होती हो, सोडायचं जिवावर आलंय.

सावकाश_चला:
सोडू नका, पण सध्या पळणं थांबवा. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) तयार व्हायला मात्र महिने लागतात, म्हणून तर तो रेस्टचा दिवस असतो, हाड त्याच दिवशी स्वतःला सावरून घेतं. आज एक करून बघा, अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खालपर्यंत दाबत जा. चांगलं वीतभर पट्ट्यात दुखलं तर बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त ताणाने नडगी दुखावणं. एकाच बोटभर जागी कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर, असू शकतं, मग सरळ ऑर्थोपेडिककडे जा, अंगावर काढू नका.

पाचची_पहाट:
स्पीड किती ठेवता? सुरुवातीला बहुतेक जण फार जोरात पळतात, मी पण तेच केलेलं. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर हळू व्हा, शेजारून चालणारा पुढे गेला तरी चालेल. आणि पाऊल लांब टाकू नका, छोटी छोटी पावलं, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, लांब टाकलं की टाच पुढे आपटते आणि तो दणका नडगीत जातो.

अजून_एक_फेरी:
प्लॅनमधे ९ आठवडे लिहिलेत म्हणून ९ तच संपवायला हवं असं कुठेय? मला १६ लागले. पाचव्या आठवड्याच्या शेवटी एकदम सलग २० मिनिटं येतात, तिथे मी चौथा आठवडाच तीनदा केला. तुम्ही बरं झाल्यावर पहिल्यापासून घ्या, जमलं तरी आठवडा गाळू नका.

नवी_पळणारी:
दाबून बघितलं, वीतभरच दुखतंय, एका जागी नाही, रात्री पण काही नाही. हुश्श. चालले तर चालेल ना? आणि शूज जुनेच आहेत, ३ वर्षांचे.

सावकाश_चला:
दुखत नाही तेवढंच चाला. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशी सकाळी पण नडगी गप्प राहिली की मग १ मिनिटवालं परत सुरू करा. शूज बदला, आतला फोम बसला असणार.