२०१५ आणि 'विगल इट जिगलिट'चा खच्चीपणा
'२०१५ म्हणजे अमेरिकन फेरोचं वर्ष, हार्नेस रेसिंगमध्ये काहीच घडलं नाही' असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटलं नाही. (अमेरिकन फेरो हा त्या वर्षी गाजलेला, पाठीवर स्वार घेऊन धावणारा शर्यतीचा घोडा; हार्नेस रेसिंगमध्ये घोडा हलकी दुचाकी गाडी ओढत पळतो.) त्याच मोसमात विगल इट जिगलिट या हार्नेस घोड्याने २६ पैकी २२ शर्यती जिंकल्या. सप्टेंबरमधली ओहायोतल्या डेलावेअर गावची लिटल ब्राउन जग ही मोठी शर्यत पाहिली नसेल तर आधी ती शोधून बघा. अर्ध्या मैलाचा छोटा ट्रॅक, म्हणजे मैलभरात चार वळणं, आणि प्राथमिक फेरी नि अंतिम फेरी एकाच दुपारी. शेवटच्या सरळ पट्ट्यात लॉस्ट फॉर वर्ड्स हा प्रतिस्पर्धी घोडा त्याच्या पुढे गेला होता. संपला हा, असं वाटत असतानाच हा पठ्ठ्या परत उसळला आणि नाकभर फरकाने जिंकला! सल्कीवर, म्हणजे मागच्या दुचाकी गाडीवर, होता माँट्रेल टीग, म्हणजे मालक जॉर्ज टीग यांचा मुलगा. घोड्याचा बाप मिस्टर विगल्स, तोही टीग यांचाच. सगळा घरचा मामला.

फारसं कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे हा घोडा खच्ची होता. एरवी तीन वर्षांचा अव्वल पेसर (एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत धावणारा हार्नेस घोडा) मोसम संपला की बहुतेकदा पैदाशीला जातो, कारण खरा पैसा तिथे. याला तो रस्ताच नव्हता, म्हणून २०१६ मध्येही तो धावत राहिला आणि ऑलवेज बी मिकी या दुसऱ्या पेसरशी त्याच्या झुंजी पाहायला मिळाल्या. मिकीने त्या ऑक्टोबरात लेक्सिंग्टनला १ मिनिट ४६ सेकंदांत मैल कापला, तो भाग वेगळा.