अनुभव धागा : वादळाची सूचना आली, तेव्हा घर सोडलंत की थांबलात?

मे उजाडला की आमच्या घरात एक भांडण ठरलेलं. आई गावाला, श्रीवर्धन तालुक्यात, कौलारू घरात एकटी. आम्ही भावंडं पुण्या-मुंबईला. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं अशी बातमी आली की दादा म्हणतो, तिला घेऊन या. ताई म्हणते, उगीच घाबरवू नका. आणि आई म्हणते, "मी गेले तर देवापुढे दिवा कोण लावील? आणि कपिला गाईला काय एसटीत बसवू?"

२०२०च्या निसर्ग वादळात ती घरातच होती. पडवीचं छप्पर गेलं, ती वाचली. पण पाच दिवस फोन लागला नाही आणि लॉकडाउनमुळे आम्हाला निघताही येईना. ते पाच दिवस पुन्हा नकोत.

वाऱ्याचा ताशी वेग टीव्हीवर कळतो. मला विचारायचंय ते वेगळं. जायचं की थांबायचं हे तुम्ही कधी आणि कशावरून ठरवलंत? घरात शेवटचा शब्द कुणाचा होता? फसलेले निर्णयही लिहा, तेच जास्त उपयोगी पडतील.

पोफळीखालचा, दिवेआगर

आम्ही काही ठरवलं असं म्हणवत नाही. ठरवायचं राहून गेलं.

निसर्गच्या आदल्या दिवशी, २ जूनच्या संध्याकाळी रिक्षावर भोंगा लावून माणूस फिरला : उद्या घराबाहेर पडू नका, कच्च्या घरातल्यांनी शाळेत या. आता शाळेत कोण? मुंबईहून आलेले चाकरमानी, चौदा दिवस वेगळे ठेवलेले. आजी चौऱ्याऐंशीची. बाबा म्हणाले, वादळ एका दिवसाचं, कोरोना घरात शिरला तर आजी जाईल. तेव्हा ते सगळ्यांना पटलं. काकांचं स्लॅबचं घर तीस पावलांवर, पण दोन महिने कुणी कुणाच्या ओटीवर चढलं नव्हतं. म्हणून विचारायचा संकोच वाटला. संकोच! आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

सकाळी नुसता पाऊस होता. अकरानंतर वारा सुटला, तो डोंगराच्या बाजूने. आम्ही माजघरात. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, माडासारखी कोसळत नाही. आधी कमानीसारखी वाकते आणि मग मधेच काडकन मोडते. आजी भिंतीला टेकून, डोळे मिटून आवाजावरून सांगत होती, "ही विहिरीकडची गेली... ही गडग्याची..." थोड्या वेळाने ती गप्प झाली, कारण सुटे आवाज येईनातच, सगळी एकच घरघर. कौलं उडताना खणखण वाजतील असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. पत्ते पिसावेत तशी फर्रकन एक रांग गेली आणि माजघरात एकदम उजेड आला. आमच्या माजघरात भरदुपारीही दिवा लागतो. त्या उजेडाचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

मग सगळं थांबलं. पान हलेना. बाबा कौलं बघायला अंगणात उतरले, तर काका खिडकीतून जीव तोडून ओरडतायत, "इकडे या, संपलेलं नाही ते!" वादळाचा डोळा डोक्यावरून जाताना अशी शांतता होते, हे काकांना माहीत होतं, आम्हाला नाही. आजीला खुर्चीत बसवून उचललं. वाटेत आडव्या पोफळी. त्या तीस पावलांना दहा मिनिटं लागली. काकांचं दार लावलं आणि वारा परत आला, आता समुद्राकडून. पहिल्याने मुळं सैल केलेले माड दुसऱ्याने झोपवले. काकांच्या न्हाणीघरात आम्ही नऊ माणसं आणि एक शेळी.

संध्याकाळी घरी येऊन पाहिलं, तर आजी टेकली होती त्या जागी वाशांसकट छप्पर बसलेलं.

मदतीचंही सांगतो. फळबागांची भरपाई वाढवून हेक्टरी पन्नास हजार केली. ऐकायला बरी. हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे, आमची वाडी दहा गुंठ्यांची, म्हणजे पाच हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त झाली. नवीन पोफळ लावली तर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं.

पुन्हा आलं तर आदल्या रात्री जेवून काकांकडे. विचारणार नाही, नुसतं कळवणार.

नाखवा घरचा, हर्णै

दर्यावर जाणाऱ्यांचं त्रांगडं वेगळं. घर सोडायला कुणी कां-कूं करत नाही, नौका सोडायला करतात. कर्ज नौकेवर असतं.

११ नोव्हेंबर २००९चं फयान वडिलांनी समुद्रात पाहिलंय. ते आले, त्यांच्या ओळखीच्या नौकेवरचे दोघे आले नाहीत. तेव्हापासून बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा चढला की आमच्याकडे चर्चा बंद.

तौक्तेच्या वेळी, मे २०२१मध्ये, इशारा चांगला आधी मिळाला होता. हर्णै उघडं बंदर, तिथे आसरा नाही. नौका आंजर्ल्याच्या किंवा दाभोळच्या खाडीत न्याव्या लागतात. दोन-दोन नांगर, दोरखंड दुप्पट, नौकांच्या मधे जुने टायर. इथवर सगळ्यांचं एकमत. प्रश्न पुढे येतो : नौकेवर कोण राहणार? पाणी उपसायला, इंजिन चालू ठेवायला दोघे-तिघे खलाशी ठेवायची पद्धत आहे. वडिलांनी सगळ्यांना उतरवलं. तांडेल, म्हणजे नौका चालवणारा, चिडला, म्हणाला, नौका आपटली तर मला बोलायचं नाही. नौका आपटली, एका बाजूच्या फळ्या गेल्या, दीड लाखाचं काम निघालं. त्याच वादळात देवगडला नांगरलेल्या नौका बुडून खलाशी गेल्याची बातमी आली. त्यानंतर तांडेल तो विषय काढत नाही, आणि वडीलही नाहीत.

रहाटवाली, दापोलीजवळ

निसर्गच्या वेळी आम्ही घरातच होतो, घर चिरेबंदी आहे, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरे हाल नंतर झाले. वीज चाळिसाव्या दिवशी आली. विहीर तुडुंब भरलेली आणि काढायला काही नाही, कारण पंप बसवला तेव्हा रहाट काढून मांगरात टाकला होता आणि त्याचं चाक भंगारवाल्याला दिलं होतं. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, ठेवा. मी ऐकलं नाही. चाळीस दिवस हाताने पोहरा ओढून माझे तळवे सोलले.

तेव्हा तयारीची यादी करताना मेणबत्त्या-बिस्किटांच्या आधी रहाट बघा. रोख पैसे घरात ठेवा, वीज नसली की कार्डाने कुणी काही देत नाही. जादा मंगलोरी कौलांच्या दोन-चार थप्प्या सामानाखाली अडकलेल्या असतील तर मोकळ्या करून ठेवा. वादळानंतर पत्र्यांचे भाव काय झाले ते आम्ही पाहिलंय, नाव घेत नाही.

आणि वादळाच्या आधी घराचे, वाडीचे, गोठ्याचे फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी येतात तोवर आपणच पत्रे सरळ करून घेतलेले असतात, मग आधी काय होतं ते दाखवणार कसं?

खाडी-समुद्राच्या मधला, देवबाग

वर सगळे वाऱ्याबद्दल लिहितायत. आमच्याकडे पाणी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे आम्ही वाळूच्या पट्टीवर. बाहेर पडायला रस्ता एकच.

ऑक्टोबर २०१९, धनत्रयोदशीच्या सुमारास क्यार. वादळ आमच्यापासून कितीतरी दूर समुद्रात, किनाऱ्यावर ते येणारही नव्हतं. म्हणून सगळे निवांत. आई चकल्या तळत होती. अमावास्या जवळ, त्यात उधाण. लाटा धूपबंधाऱ्यावरून आत आल्या. आधी मागच्या पाणंदीत पाणी दिसलं, मग खळ्यात. रांगोळीचे डबे तरंगत होते ते अजून डोळ्यांपुढे आहे. बाबांना म्हटलं चला, तर म्हणतात, "खंय जातलंव? गोरवांका कोण बघतलो?" शेवटी दावी सोडली, गुरं आपणहून उंचवट्याकडे गेली. माणसांपेक्षा त्यांना जास्त कळतं. आम्ही गुडघाभर पाण्यातून मालवणला मावशीकडे. विहीर पुढचा पावसाळा होईपर्यंत मचूळ.

तौक्तेच्या वेळी मात्र आम्ही दुपारीच बाहेर. वारा किती सुटणार ते पाहिलंच नाही. भरतीची वेळ पाहिली आणि रस्ता पाण्याखाली जायच्या आत निघालो.

धागाकर्ती

भरतीची वेळ कशी पाहता? आईला मोबाइलवरचं काही जमत नाही.

खाडी-समुद्राच्या मधला, देवबाग

मोबाइल नको, कालनिर्णय पुरे. तिथीची पाऊणपट करा. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे भरती नऊच्या पुढेमागे, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. निसर्ग आलं त्या दिवशी द्वादशी-त्रयोदशी होती, दोन दिवसांवर वटपौर्णिमा. वादळ दुपारी किनाऱ्याला लागलं तेव्हा पाणी उतरत होतं. तेच सकाळी दहाला आलं असतं तर श्रीवर्धनकडे किनाऱ्यालगत काय झालं असतं ते बोलायला नको. तुमच्या आईला हा हिशोब बहुतेक येत असेल, विचारून बघा.

मूळचा गुहागरचा, हल्ली टँपा

देवबागकर म्हणतायत ते इथे फ्लोरिडात नियम म्हणूनच शिकवतात : पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. प्रत्येक पत्त्याला ए, बी, सी असा विभाग दिलेला असतो, तो पाणी कुठवर चढेल यावरून. आदेश येतो तो विभागाला. २०१७च्या इर्मा हरिकेनला साठ लाखांहून जास्त लोकांना निघायला सांगितलं होतं. आम्हीही निघालो. आमचं घर विभागात नव्हतंच, शेजारी निघाले म्हणून आम्ही निघालो! पेट्रोलसाठी रांगा, एरवी सात तासांचा जॉर्जियाचा रस्ता एकोणीस तासांत. ज्यांना खरंच निघायला हवं होतं त्यांच्या वाटेत आमची गाडी उभी. परत आलो तर घराला ओरखडा नाही. बायकोने अजून माफ केलेलं नाही.

गावी आईवडिलांना फोनवर मी आता एवढंच विचारतो : पाणी येणार की वारा? वारा असेल तर गाव सोडायची गरज नाही, मजबूत छप्पर गाठा.

एकदाच गेलेली, अलिबाग तालुका

मी उलट बाजू मांडते, राग नसावा. जून २०२३, बिपरजॉय. रोज नवा नकाशा, रोज नवी रेषा. माझ्याच हट्टाने सासूसासऱ्यांना पनवेलला आणलं. वादळ गेलं गुजरातेत, जखाऊला. आमच्याकडे समुद्र खवळला, बाकी काही नाही. पण त्या आठ दिवसांत सासऱ्यांची भाताची पेरणी लांबली, कोंबड्या मुंगसाने नेल्या, आणि पनवेलच्या दोन खोल्यांत सगळ्यांची तोंडं सगळ्या दिशांना. आता लाल इशारा म्हटलं तरी ते टीव्ही बंद करतात. एकदा खोटं ठरलं की पुढच्या वेळी कुठल्या तोंडाने सांगायचं?

माजी पोलीस पाटील, मंडणगडकडचा

वरच्या ताईंना सांगतो. खोटं ठरलं म्हणू नका, वाचलो म्हणा. पण हे वाक्य म्हाताऱ्यांपुढे चालत नाही, माझा अनुभव आहे.

निसर्गच्या वेळी माझ्या वाडीत मातीच्या भिंतींची अकरा घरं. लोकांना "गाव सोडा" म्हटलं की ते हट्टाला पेटतात. "आज रात्री झोपायला अमक्याकडे या" म्हटलं की येतात. मी आदल्या रात्री दिवेलागणीला फिरलो. सकाळी गेलो असतो तर चुलीवर काहीतरी असतंच, कुणी निघत नाही. आणि अकरानंतर रस्त्यावर एवढी झाडं पडली की कुणी निघालं असतं तरी पोचलं नसतं. प्रत्येक कच्च्या घराला एक स्लॅबचं घर जोडून दिलं, भाऊबंदकी बघून. ज्यांचं बांधावरून भांडण, त्यांना एका घरात टाकलं नाही.

एक आजी तरीही निघेना. तिचा मुलगा, सून, मी, तिघे समजावून दमलो. शेवटी तिची नात म्हणाली, आजी, देव्हारा घेऊन जाऊ या. टोपलीत देव, वर ओलं फडकं, आणि आजी सगळ्यांच्या पुढे चालायला लागली. पहाटेपर्यंत ती बडबडत होती की कपाटाची किल्ली राहिली. दुपारी तिच्या घराची मागची भिंत बसली.

गुरांना बांधून ठेवू नका, हे देवबागवाल्यांचं अगदी बरोबर. गोठा कोसळला आणि दावं तुटलं नाही, अशा दोन म्हशी मी पाहिल्या आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तिथीची पाऊणपट तिला येतेच, उलट मलाच विचारलं, "तुला येत नव्हतं?" रहाट जागेवर आहे म्हणाली. सातबारा, रेशनकार्ड, गोळ्या आणि बँकेचं पुस्तक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला लावायला कबूल झाली. मुंबईला यायचं नाव काढू दिलं नाही.

देव टोपलीतून नेण्याची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, समोरच्यांचं स्लॅबचं घर आहे, त्यांची मागची पडवीही स्लॅबचीच, तिथे कपिला मावेल का ते उद्या विचारते. आत्ता फोन केला तर उचलत नाही, बहुतेक तिकडेच गेली असेल.