फड पद्धतीवरचा प्रबंध मराठी वाचकांपर्यंत कसा न्यावा?

पांझराकाठ (प्रश्न):
धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीवर मी इंग्रजीत प्रबंध लिहिला असून त्यातील दोन शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. नदीवरचे बंधारे, त्यांतून निघणारे पाट, एका फडात (म्हणजे पाटाच्या पाण्याखालील शेतांच्या सलग गटात) एका हंगामाला एकच पीक घेण्याचा दंडक, पाणी देणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या, अशी ही गावांनीच चालवलेली व्यवस्था काही शतके टिकली; वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि ती बऱ्याच ठिकाणी मोडकळीस आली. ज्या शेतकऱ्यांनी मला हे सारे समजावून दिले, त्यांना ते निबंध वाचता येत नाहीत. भाषा आड येते आणि किंमतही. म्हणून हाच विषय मराठीत, आधी मासिकासाठी आणि जमल्यास छोट्या पुस्तकाच्या रूपाने लिहावा असा विचार आहे. मात्र एका निबंधाचे हक्क मी प्रकाशकाला लिहून दिले आहेत. अशा स्थितीत मराठी लेखन नियमात बसते का? शिवाय विभागातील ज्येष्ठ म्हणतात की पदोन्नतीच्या वेळी असले लेखन कोणी विचारात घेत नाही.

ग्रंथपाल_नाशिक:
हक्कांपुरते सांगतो. 1957च्या कॉपीराइट कायद्याने संरक्षण मिळते ते मांडणीला. त्यामागच्या माहितीला किंवा निष्कर्षांना नाही. त्यामुळे आपली टिपणे आणि नकाशे समोर ठेवून आपण मराठीत स्वतंत्रपणे लिहिले, तर प्रकाशकाची परवानगी लागत नाही. त्याच निबंधाचे परिच्छेदागणिक भाषांतर करायचे असेल तर मात्र लागते, कारण भाषांतराचा हक्क हा कॉपीराइटचाच भाग आहे. आकृत्या आणि तक्तेही जसेच्या तसे उचलू नयेत. दुसरा निबंध क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (म्हणजे ठरलेल्या अटींवर इतरांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली) असेल तर परवान्याची अक्षरे नीट पाहा: नुसते 'बाय' असेल तर श्रेय देऊन भाषांतर छापता येते, पुढे 'एनडी' (बदल करून छापण्यास मनाई) असेल तर येत नाही. संपादकांनी स्वीकारलेले, पण प्रकाशकाच्या मांडणीत न गेलेले हस्तलिखित ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठाच्या संग्रहात ठेवण्याची मुभा अनेक प्रकाशक देतात. आपल्या करारात ते कलम शोधावे. 2025 पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत हे खरे, परंतु साक्री तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असेल, तर तो निदान फुकट वाचता येतो.

मासिकवाला:
आमच्याकडे प्राध्यापकांचे जे लेख येतात, त्यांतील बहुतेकांत पहिली दोन पाने पूर्वसूरींच्या मतांचा आढावा असतो आणि वाचक तिथेच गळतो. आपण प्रश्नापासून सुरुवात करावी: शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी कमी पडले, तर त्याचा निवाडा कोण करीत असे? मग उत्तर कशाच्या आधारे मिळाले तेही सांगावे. कोणते दप्तर पाहिले, कोणाची आठवण कुठे कागदाशी जुळली आणि कुठे जुळली नाही. सामान्य वाचकाला अनिश्चितता पेलत नाही, हा विद्यापीठांतला समज मला कधीच पटलेला नाही. पुराव्यात जिथे फट आहे, तिथे ती तशीच दाखवावी. पदोन्नतीविषयी आपले ज्येष्ठ बरोबर सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत मानव्यविद्यांतील शोधनिबंधाला दहा गुण आहेत, मासिकातल्या लेखाला एकही नाही. तेव्हा गुणांसाठी निबंध लिहा आणि मराठीतला लेख मराठी वाचकासाठी लिहा. इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ इंग्रजीत लिहिला आणि त्याच काळात मराठीतही विपुल लेखन केले. एकामुळे दुसऱ्याचे वजन घटल्याचे दिसत नाही.

क्षेत्रकार्य:
मला वेगळी काळजी वाटते. इंग्रजी निबंधात 'एका गावातील पाटकरी' असे लिहिले की नाव झाकले जाते, कारण निबंध वाचणारा त्या गावचा नसतो. तेच वाक्य मराठीत छापून गावात पोहोचले, की तो पाटकरी कोण हे सगळ्यांना कळते, कारण गावात पाटकरी असून असून किती असणार? त्याने वरच्या फडकऱ्यांनी पाणी अडवल्याचे आपल्याला विश्वासाने सांगितले असेल, तर ते छापून येताच त्याला भाऊबंदांत उत्तरे द्यावी लागतील. पाण्याचा वाद न्यायालयात असेल, तर आपला लेखही एखादा पक्ष पुरावा म्हणून पुढे करील. प्रबंधाच्या वेळी घेतलेली संमती प्रबंधापुरती होती. मराठी लेखासाठी ती नव्याने घ्यावी. आणि तपशील झाकायचे ठरले तर केवळ नाव वगळून भागत नाही, प्रसंगाचे वर्ष आणि बंधाऱ्याची जागाही वगळावी लागते. लेख थोडा फिका होईल, त्याला इलाज नाही.

पांझराकाठ:
सर्वांचा आभारी आहे. कराराचे कलम तपासतो. संमतीचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता. कच्चा खर्डा छापण्याआधी संबंधित गावांत वाचून दाखवला, तर कोणाला काय खटकते ते कळेल असे वाटते. पण एखाद्याने खरी असलेली गोष्ट काढून टाकायला सांगितली तर काय करावे?

क्षेत्रकार्य:
ती गोष्ट त्याची स्वतःची असेल तर काढावी. सार्वजनिक दप्तरात नोंदलेली असेल तर दप्तराचा हवाला देऊन ठेवावी, आणि ती राहणार आहे हे त्याला छापण्यापूर्वी तोंडावर सांगावे. वाचन मात्र चावडीवर सर्वांसमोर करू नका. ज्याचा मजकूर त्याच्या घरी जाऊन वाचा.